डँडेलायनची पिपाणी

लीड्स, १२ मे

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

गेल्या सुट्टीत तुम्ही दापोलीला माडाच्या पातीची पिपाणी वळून दिली होती, तशीच धाकटीने इथे करून मागितली. इथे माड कुठला? पण परसातल्या हिरवळीवर सध्या डँडेलायनची पिवळी फुले दाटली आहेत आणि त्यांचा पोकळ देठ या कामासाठी अगदी योग्य निघाला. देठाचा दोन-अडीच इंचांचा तुकडा कापून त्याचे एक टोक बोटांनी हलकेच चेपायचे आणि ते ओठांच्या किंचित आत धरून फुंकायचे. चेपलेले दोन काठ एकमेकांवर थरथरतात आणि सनईच्या पत्तीसारखाच सूर निघतो. देठाचा चीक कडू असल्याने पहिल्या फुंकेला दोघांनीही तोंडे वाकडी केली, पण आवाज आल्यावर कडवटपणाची आठवण कोणालाच राहिली नाही. थोरल्याने तर फुंकता फुंकता कात्रीने मागचे टोक कापत नेले आणि दर कापासरशी स्वर चढत गेला. नळी आखूड झाली की स्वर उंचावतो, हे मी त्याला शिकवण्याआधीच त्याच्या कानांनी ओळखले, याचा मला फार आनंद झाला. त्याने तो स्वर पेटीवर शोधूनही काढला, मात्र तासाभरात देठ मलूल झाला आणि तो मुका झाला.

शेजारच्या आजोबांनी विलोच्या फांदीची शिट्टी करून दाखवली. ज्या झाडाच्या एका जातीपासून क्रिकेटच्या बॅटी करतात, तेच हे विलो. वसंतात झाडात रस चढलेला असताना बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची साल सुरीच्या मुठीने सर्वत्र ठोकून पिळली, तर ती अखंड नळीसारखी निघून येते. मग आतल्या लाकडात हवेची वाट कोरून साल पुन्हा चढवायची. उन्हाळा सरला की साल लाकडाला घट्ट धरते, म्हणून ही शिट्टी याच दिवसांत होते.

एक गोष्ट मात्र मी मुलांना कडकपणे बजावली आहे. ओढ्याकाठी जांभळ्या ठिपक्यांच्या पोकळ देठाचे हेमलॉक उगवते. ते अत्यंत विषारी असते आणि पिपाणीसाठी मुलांना नेमके तेच मोहात पाडते. म्हणून मी ओळखून दिल्याखेरीज कोणताही देठ तोंडाला लावायचा नाही.

तांबड्या भोपळ्याचे वेल आत्ताच लावले आहेत. त्याच्या पानाचा देठही पोकळ असतो. पानाकडचे बंद टोक ठेवून त्याजवळ उभी चीर दिली की तो घुमल्यासारखा वाजतो. तुम्ही आणि आई ऑगस्टमध्ये याल तेव्हा वेल भरात असतील, म्हणून लांबट देठांची पाने तोडायची नाहीत, असे दोघांनी आत्ताच ठरवले आहे. माडाची पात वळताना शेवटी काडी कुठे टोचता, तेवढे पुढच्या पत्रात चित्र काढून कळवावे. धाकटी रोज विचारते.

आईस सा. नमस्कार. कळावे.

तुमची लेक