आधी बर्फ, मग वेळापत्रक

आल्पाइन स्की विश्वचषकासाठी नवनवी ठिकाणे शोधावीत, असे सुचवणारा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. तो पटला नाही. झरमॅट-चेर्विनिया या अशाच एका नव्या ठिकाणाचे पाहा. स्वित्झर्लंडमध्ये सुरू होऊन इटलीत संपणारी डाउनहिल (डोंगरउतारावरून वेगाने घसरत खाली येण्याची) शर्यत कागदावर झकास होती. पण सुरुवात सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, तीही हंगामाच्या तोंडावर! २०२२ मध्ये बर्फ पुरला नाही, २०२३ मध्ये वारा आणि हिमवृष्टी आडवी आली. दोन्ही वर्षे एकही शर्यत झाली नाही. याउलट ऑस्ट्रियातील किट्झब्युएलची शर्यत १९३१ पासूनची. हल्ली ती भर जानेवारीत होते. तिथल्या ‘माउसेफाले’ (म्हणजे उंदराचा सापळा!) या ८५ टक्के उतारावर स्पर्धक अक्षरशः हवेत फेकला जातो. थरारासाठी आणखी कुठला डोंगर हवा?

– एक क्रीडाप्रेमी वाचक