भूपातला तीव्र मध्यम घालवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

त्या दिवशी माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या आवाजातली घूं घालवलीत, "कंडेन्सरचे तेवढे पैसे दे" म्हणून तुम्ही चप्पल घातलीत आणि जिना उतरलात. तोंडावर आभार मानू लागलो असतो तर वाक्य पुरं होऊ दिलं नसतंत, म्हणून हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण घरी जुन्या एलपी लावणारे आणि स्पीकरमधल्या 'घूंऽऽ'ला कंटाळलेले पुष्कळ आहेत.

दुकानात मला दोन सल्ले मिळाले होते. नवा फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा बारीकसा सिग्नल ॲम्प्लिफायरआधी मोठा करणारा डबा) घ्या, नाहीतर थ्री-पिनमधली अर्थची पिन काढून टाका. दुसरा ऐकून तुमचा आवाज चढला. "आत फेजची वायर सुटून डब्याला टेकली, तर करंटला जायला तूच उरशील!" पिनेला हात लावायचा नाही, हे त्याच क्षणी ठरलं.

मग तुम्ही काहीच उघडलं नाहीत, नुसते ऐकत बसलात. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, स्टँडवर, व्हॉल्यूम चढवलेला. सिलेक्टर सीडीवर नेलात, स्पीकर गप्प. म्हणजे ॲम्प्लिफायर ठीक. पुन्हा फोनोवर आणून टर्नटेबलच्या वायरी काढल्यात आणि प्रीॲम्पच्या इनपुटला पिशवीतल्या दोन आरसीए पिना खोचल्यात. त्यांची मधली दांडी आणि बाहेरची कडी तुम्ही डाग देऊन जोडून ठेवली आहे, म्हणजे बाहेरून आत काहीच शिरत नाही. जाड घूं गेली, पण तिच्याखाली दडलेली एक करकरीत गुरगुर उरली. "दोन चोर आहेत," एवढंच म्हणालात.

जाड आवाज आपल्या विजेचा, 50 हर्ट्झचा. करकरीत आवाज 100चा, कारण एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर लहरीच्या दोन्ही बाजू वापरतो. हे दोन्ही सूर हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या जवळ येतात, तेही थोडे चढे. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या मागे अखंड तीव्र मध्यम, आणि तो भूपात, ज्यात मध्यमच नाही! मला नेमकं काय खुपत होतं ते तेव्हा कळलं.

कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, येतात जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट. प्रीॲम्प त्यांचे साधारण शंभरपट करतो. शिवाय रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज त्याला पुन्हा उचलावा लागतो, त्यामुळे 50 हर्ट्झ हा 1000 हर्ट्झच्या मानाने सातेकपट जास्त वर येतो. आगंतुक घूंलाही तोच मान मिळतो.

पहिला चोर तुम्ही हातानेच पकडलात. वायरी परत लावून, सुई न टेकवता टोनआर्म हळूहळू मधल्या खुंटीकडे नेलात, तसतशी घूं वाढत गेली. माझा प्रीॲम्प टर्नटेबलला डावीकडून खेटून होता, आतला ट्रान्सफॉर्मर त्याच बाजूला. त्याचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजच्या गुंडाळीत शिरत होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा आड घालू का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "50 हर्ट्झला तो पत्रा दिसतसुद्धा नाही. लांब ठेव." डबा उजवीकडे खालच्या फळीवर गेला, टर्नटेबलची बारीक अर्थ वायर त्याच्या स्क्रूला घट्ट बसली, आणि जाड आवाज जवळजवळ संपला.

मग कुठे स्क्रू ड्रायव्हर निघाला. दुसरा चोर आत होता: रेक्टिफायरनंतरचे चढउतार भरून काढणारा 1000 मायक्रोफॅरॅडचा फिल्टर कंडेन्सर सुकला होता. दोन शिखरांच्या मधे व्होल्टेज इतकं खाली यायचं की व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला स्वतःच्या कामापुरता व्होल्टही उरत नव्हता, आणि खळगा तसाच पुढे जायचा. तुम्ही 2200चा बसवलात. 10,000चा का नको, तर चार्ज होतानाचे झटके डायोड आणि ट्रान्सफॉर्मरला सोसावे लागतात. सर्किटची ग्राउंड वायर रेक्टिफायर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या तुकड्यावरून घेतलेली होती, म्हणजे तेच झटके सिग्नलच्या वाटेत. ती तुम्ही कंडेन्सरच्या पुढे नेऊन नव्याने डाग दिलात. माझ्या मते खरी कारागिरी ती होती. कंडेन्सर काय, कोणीही बदललं असतं.

आता व्हॉल्यूम नेहमीच्या खुणेवर असताना गाण्याआधी फक्त रेकॉर्डची खरखर ऐकू येते. पूर्ण चढवला तर किंचित घूं आहे, पण सेट-टॉप बॉक्सची केबल उपटली की तीही जाते. म्हणजे तिकडून अर्थचा फेरा होतोय, दोन वाटांनी अर्थ जोडला जाऊन. बॉक्सची ऑडिओ वायर ॲम्प्लिफायरमधून काढून टाकू का, की मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालू? रविवारी संध्याकाळी याल का? पैशाचं बोलणार नाही. तुमच्या पेटीतल्या एलपी मात्र घेऊन या, सुई नवी आहे.

आपला,
वरच्या मजल्यावरचा