फिओरेलो ला गार्डियांविषयी मित्रास पत्र

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

पक्षात असूनही पक्षाचे मिंधे न होता राजकारण करता येते का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. मला तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया आठवले. वडील इटलीतून आलेले, अमेरिकी सैन्यात बँडमास्तर. आई त्रिएस्तची ज्यू. तरुणपणी एलिस बेटावर स्थलांतरितांचे दुभाषी म्हणून नोकरी करीत त्यांनी रात्रीच्या वर्गांत कायद्याचा अभ्यास केला, आणि त्या नोकरीतल्या भाषा पुढे निवडणुकांत त्यांच्या कामी आल्या. 1922 साली अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत त्यांच्यावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला, तेव्हा आईच्या धर्माचा दाखला न देता त्यांनी ज्यू प्रतिस्पर्ध्याला यिडिश या युरोपीय ज्यूंच्या भाषेतून जाहीर वादविवादाचे आव्हान दिले. प्रतिस्पर्ध्याला ते पेलले नाही आणि ला गार्डिया थोडक्या मतांनी निवडून आले.

ते रिपब्लिकन होते, पण मुख्यतः टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांच्या गटाशी त्यांचे हाडवैर होते म्हणून. संपकऱ्यांविरुद्ध सर्रास मनाई हुकूम काढणाऱ्या न्यायालयांना आवर घालणाऱ्या 1932च्या कायद्याला त्यांचे नाव आहे. हे स्वपक्षातल्या धनिकांना कितपत रुचले असेल, याची तूच कल्पना कर. 1929 साली महापौरपदाच्या निवडणुकीत टॅमनीच्या जिमी वॉकर यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. तेच वॉकर भ्रष्टाचाराच्या चौकशीत सापडून 1932मध्ये पायउतार झाले आणि पुढच्या वर्षी टॅमनीविरोधकांच्या आघाडीने ला गार्डियांना निवडून आणले. तिथले महापौरपद आपल्याकडच्यासारखे शोभेचे नाही. कारभाराची सूत्रे खरोखरच त्या खुर्चीच्या हाती असतात.

1934 ते 1945 अशी सलग 12 वर्षे त्यांनी ती सांभाळली. आर्टिचोकच्या बाजारावर गुंडांची मक्तेदारी आहे म्हणताच, 1935च्या डिसेंबरात भल्या पहाटे ब्रॉंक्सच्या घाऊक बाजारात बिगुल वाजवून, ट्रकवर उभे राहून त्यांनी त्या भाजीच्या विक्रीवर बंदी जाहीर केली! नाटकीपणा होताच, पण भाव उतरले आणि काही दिवसांतच बंदीही उठली. विमानतळ, उद्याने, स्वस्त घरे उभी राहिली ती मात्र बरीचशी डेमोक्रॅट रूझवेल्ट यांच्या केंद्र सरकारच्या पैशावर. मला खुपते ते वेगळेच: स्थलांतरितांच्या या कैवाऱ्याने त्याच गरीब वस्त्यांतल्या हातगाडीवाल्यांना रस्त्यांवरून हुसकावून बंदिस्त मंडयांत कोंडले, आणि ज्यांना गाळा मिळाला नाही त्यांचे पोट बुडाले.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी अर्धेच ‘होय’ असे देईन. कुणाचेच मिंधे नसल्याने त्यांना हवे ते करता आले. पण त्यांनी ना स्वतःची संघटना बांधली, ना वारस घडवला. 1945मध्ये ते उभे राहिले नाहीत आणि टॅमनीच्या पाठिंब्यावर विल्यम ओड्वायर महापौर झाले.

तुझा,
मोहन