कातळशिल्पांच्या दरीतले निर्बंध आणि आपली प्रवासवर्णने

मा. संपादक,
सादर नमस्कार.

प्रागैतिहासिक कातळशिल्पे पाहण्यासाठी केलेल्या पदभ्रमंतीची वर्णने वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत आता वरचेवर वाचायला मिळतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र त्यांपैकी अनेक लेखांत तेथील निर्बंधांविषयी नाराजीचा सूर असतो: आखून दिलेली वाट सोडता येत नाही, शिल्पांजवळ जायचे तर अधिकृत मार्गदर्शक सोबत घ्यावा लागतो, खडकावर काठी टेकण्यासही मनाई असते. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातील मेर्व्हेय दरीतून मी चाललो आहे. तेथे आज जे काही पाहण्यासारखे शिल्लक आहे ते बऱ्याच अंशी या निर्बंधांमुळे आहे, आणि ते आपल्याला नीट दिसते तेही त्यांच्यामुळेच, असे माझे ठाम मत झाले आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही दरी 2,872 मीटर उंचीच्या मोन बेगो पर्वताच्या कुशीत, मेर्कान्तूर राष्ट्रीय उद्यानात आहे. तांद हे तिच्या परिसरातील मुख्य गाव असून दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 मध्ये ते इटलीकडून फ्रान्सकडे आले. नेहमीची वाट मेश तलावापासून लार्च वृक्षांच्या रानातून चढत जाते आणि साधारण तीन तासांच्या चालीनंतर 2,100 मीटरच्या आसपास असलेल्या पथिकाश्रमापाशी पोहोचते. शिल्पे त्याच्याही वर आहेत. वर्षातील बराच काळ सारे बर्फाखाली असते, त्यामुळे उन्हाळ्याचे मोजके महिनेच काय ते हाती लागतात, आणि त्यातही दुपारनंतर ढग जमून विजा कडाडू लागण्याचा धोका असतो, म्हणून पहाटे निघणे शहाणपणाचे.

झाडी संपली की हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले खडक दिसू लागतात. कुठे हिरवट, कुठे नारिंगी, कुठे जांभळट अशा त्यांच्या छटा आहेत. या खडकांवर चाळीस हजारांच्या आसपास आकृत्या कोरलेल्या आहेत, हे आधी वाचलेले असूनही पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यांतली एकही दिसत नाही. डोक्यावर ऊन असेल तर सारा पृष्ठभाग सपाट आणि मुका वाटतो. अशा वेळी मार्गदर्शक आपल्याला दोन पावले बाजूला नेतो, वाकायला सांगतो, कधी हाताने सावली धरतो, आणि मग तिरक्या उजेडात टोच्यांचा, म्हणजे टोचून उठवलेल्या बारीक खुणांचा, एक दाट पुंजका वर येतो, त्याला दोन शिंगे फुटतात, आणि त्याच्या शेजारी आणखी दोन, आणखी चार. एकदा नजर बसली की तोच खडक भरगच्च दिसू लागतो. हे शिकायला वेळ लागतो आणि कोणीतरी शिकवावे लागते. घाईघाईत एकटा आलेला माणूस शिल्पांवरून चालत जातो आणि येथे काहीच नाही असे म्हणत परततो, असे मी स्वतः पाहिले आहे.

कोरणाऱ्यांनी अणकुचीदार दगडाने एकेक टोचा मारत या आकृत्या उठवल्या. प्रत्येक टोचा जेमतेम काही मिलिमीटर खोल आहे. खडकाच्या पातळ रंगीत सालीखालचा वेगळ्या रंगाचा भाग उघडा पडावा आणि आकृती उठून दिसावी, एवढीच ती खोली. सर्वांत जास्त संख्या शिंगे असलेल्या आकृत्यांची आहे. कधी एकच बैल, तर कधी जुंपलेली जोडी आणि मागे नांगर. त्याखेरीज खंजीर, लांब दांड्याची परशूसारखी शस्त्रे आणि चौकोनांच्या जाळ्या आहेत. माणसे मात्र अगदी थोडी आहेत.

यांतील खंजिरांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण दरीचे वय बऱ्याच अंशी त्यांच्यावरून ठरले आहे. उत्तर इटलीतील रेमेदेल्लो येथील प्राचीन दफनांत त्रिकोणी पात्याचे खंजीर सापडले, आणि खडकावरच्या काही खंजिरांची ठेवण त्यांच्याशी जुळते. इतर शस्त्रांचे आकार प्रारंभिक कांस्ययुगातील वस्तूंशी जुळतात. अशा तुलनेतून ही शिल्पे मुख्यतः ताम्रपाषाण युग आणि कांस्ययुगाचा आरंभ या काळातली, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वी 3300 ते 1800 या दरम्यानची मानली जातात. सांगायचा मुद्दा असा की हा सारा युक्तिवाद पात्याच्या कडेवर उभा आहे. पाते खांद्यापाशी किती रुंद आहे, मूठ कशी संपते, यावरून शतकांचा निर्णय होतो. ती कड लोखंडी टोकाच्या काठीने किंवा बुटाखालच्या वाळूने झिजली, तर जाते ती केवळ शोभा नव्हे. त्या आकृतीचे वय सांगणारा पुरावाच जातो.

या शिल्पांची पहिली पद्धतशीर नोंद करणारे क्लॅरेन्स बिकनेल (1842–1918) हे मूळचे इंग्रज धर्मोपदेशक आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. इटलीच्या किनाऱ्यावरील बोर्दिगेरा येथे स्थायिक झाल्यावर 1881 मध्ये ते प्रथम या डोंगरांत आले. पुढे त्यांनी याच डोंगरांतील कास्तेरिनो येथे उन्हाळी घर बांधले, आणि कागद पसरून त्यावर मेण घासत चौदा हजारांहून अधिक आकृत्यांचे ठसे घेतले. त्यांच्यानंतर इटालियन शिल्पकार कार्लो कोंती यांनी आणि 1967 पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंरी द लुमले यांच्या पथकाने हे काम पुढे नेले. अर्थाविषयी मात्र एकमत नाही. लुमले यांना त्यात वादळाचा वृषभदेव आणि पृथ्वीदेवी दिसतात, तर चौकोनी जाळ्या म्हणजे शेतांचे आराखडे असावेत असेही मानले जाते. मला स्वतःला या दरीत नांगर इतक्या वेळा दिसला की शेतीशी असलेला संबंध नाकारता येईल असे वाटत नाही. हा वाद जिवंत राहावा, उद्याच्या अभ्यासकाला नव्याने पाहता यावे, यासाठी तरी मूळ रेषा जशीच्या तशी राहिली पाहिजे.

निर्बंधांना विरोध करणारे म्हणतात की, जी शिल्पे हजारो वर्षे बर्फ आणि वादळे सोसून टिकली, त्यांना चार पर्यटकांनी काय होणार? याचे उत्तर दुर्दैवाने घडून गेले आहे. नॉर्वेतील त्रो बेटावर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, पायांना स्की (बर्फावरून घसरत जाण्याच्या पट्ट्या) लावलेल्या माणसाची एक प्रसिद्ध शिल्पाकृती होती. 2016 मध्ये काही तरुणांनी ती ‘अधिक स्पष्ट दिसावी’ म्हणून तिच्या रेषा पुन्हा कोरल्या. हेतू चांगला होता, पण मूळ रेषा कायमची गेली. पोर्तुगालच्या कोआ नदीच्या खोऱ्यात तर शिल्पे वाचवण्यासाठी नव्वदच्या दशकात धरणाचे काम थांबवण्यात आले आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथेही 2017 मध्ये पाषाणयुगीन मानवाकृतीवर कोणीतरी सायकलचे चित्र ओरखडले. मेर्व्हेय दरीतही खडकांवर नंतरच्या लोकांनी कोरलेली नावे आहेत. जुन्या मेंढपाळांच्या नोंदींना आज स्वतःचे ऐतिहासिक मोल आले आहे हे मान्य. पण हौशी प्रवाशाच्या नावाला तसे मोल येईल या भरवशावर त्याला मोकळे सोडता येणार नाही. तेथील ‘टोळीचा नायक’ म्हणून ओळखली जाणारी प्रसिद्ध शिळा शेवटी उचलून तांदच्या संग्रहालयात न्यावी लागली आणि तिच्या जागी प्रतिकृती बसवली गेली. ज्या आकृतीची जागा, दिशा आणि समोरचा डोंगर हे तिच्या अर्थाचेच भाग असू शकतात, ती अशी हलवावी लागणे हे मला फार मोठे नुकसान वाटते.

प्रत्येकाला इतकी चढण जमणार नाही, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी तांदचे संग्रहालय आहे आणि ते 1996 पासून खुले आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून शिल्पांपर्यंत मोटाररस्ता न्यावा, अशी जी सूचना अधूनमधून प्रवाशांच्या तोंडून ऐकू येते, ती मला पूर्णपणे अमान्य आहे. तीन तास चालून आलेला माणूस तेवढ्या वेळात मंदावलेला असतो, खडकाचे रंग आणि उतार पाहून त्याची नजर तयार झालेली असते, आणि मार्गदर्शकाचे ऐकण्याची त्याची तयारी असते. गाडीतून उतरणाऱ्या गर्दीकडून हे होणे कठीण.

म्हणून आपणास काही नम्र विनंत्या आहेत. कातळशिल्पांविषयीचा लेख छापताना तेथील नियम शेवटी बारीक अक्षरांत न देता मजकुरातच द्यावेत, आणि ते कशासाठी आहेत हेही सांगावे. शिल्पांवर उभे राहून किंवा खडूने रेषा गिरवून काढलेली छायाचित्रे स्वीकारू नयेत. खडू केवळ पृष्ठभागालाच बाधत नाही, तर गिरवणाऱ्याला जे दिसले तेच पुढच्या सर्वांवर लादतो. ‘जादूगार’, ‘ख्रिस्त’, ‘नर्तकी’ ही तेथील आकृत्यांची नावे आधुनिक काळात पडलेली आहेत, हे छायाचित्राखालच्या ओळीत नमूद करावे. आणि वाट सोडून, मार्गदर्शक टाळून ‘गुप्त’ शिल्पे गाठल्याचे कौतुक करणारे लिखाण कितीही रसाळ असले तरी त्याला आपल्या पानांवर जागा देऊ नये.

आपला नम्र,
एक नियमित वाचक