त्या लाल दोरीबद्दल

गाइडदादा आणि सुकाणूवरचे काका,

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही केलेली गोष्ट फार छोटी होती. समोरासमोर सांगितली असती तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. आम्हाला तो संपवायचा नाही.

त्या दिवशीच्या बेटफेरीत पहिल्या बेटापाशी बोट बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधली गेली. काकांनी इंजिन बंद केलं, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) ती लाल, स्प्रिंगसारखी दोरी उपसली आणि दादा, तुमच्या हातात दिली. तुम्ही मागच्या शिडीपाशी उभे राहून ती डोक्यावर धरलीत, सगळ्यांना दिसेल अशी. "ही माझ्या हातात आहे तोवर पंखा फिरणार नाही," एवढंच म्हणालात. मग पहिल्या माणसाला पाण्यात उतरू दिलंत. पुढच्या प्रत्येक बेटाला तेच केलंत, सगळे दमलेले असताना आणि परतीची घाई असतानासुद्धा.

बेटफेरीला येणारे बहुतेक जण शार्कला नाहीतर खोल पाण्याला घाबरतात. खरा धोका त्यांच्या शिडीशेजारीच टांगलेला असतो. शिडी बोटीच्या मागे, इंजिन आणि त्याचा पाण्यातला पंखाही मागे, आणि पुष्कळ बोटींवर दोघांत जेमतेम हातभर अंतर. मोठं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं) इंजिन अगदी मंद चालतं तेव्हाही मिनिटाला साधारण सहाशे-सातशे फेरे घेतं. गिअरपेटीत ते जवळपास निम्मे होतात. म्हणजे गिअर पडला की पंखा सेकंदाला पाचेक वेळा फिरतो, आणि हा त्याचा सगळ्यात कमी वेग. न्यूट्रलवर विसंबता येत नाही. गिअरपेटीतल्या तेलाच्या ओढीने पंखा न्यूट्रलमध्येही रेंगाळत फिरू शकतो. दाटीच्या बोटीत एखाद्याची पिशवी किंवा कोपर गिअरच्या लिव्हरला लागलं तर गिअर न्यूट्रलमध्ये राहतही नाही. त्यात सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाला बोटीच्या मागे अगदी चिकटून असलेलं डोकं दिसतच नाही. दोरी काढली की मात्र बहुतेक आउटबोर्ड इंजिनं चालूच होत नाहीत, लिव्हरला कोणीही धक्का देवो.

याआधी ज्यांच्या बोटीवर आम्ही गेलो होतो, तिथे इंजिन गुरगुरत ठेवूनच माणसं वर चढवली जात होती. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "न्यूट्रलमध्ये आहे, काही होत नाही." दुसऱ्यांदा विचारलं की आवाज चढायचा. दोरी तिथेही होती, स्विचला लावलेली, पण दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला असायचं ते सुकाणूच्या चाकाला गुंडाळलेलं. म्हणजे चालवणारा पाण्यात पडला असता तरी बोट पुढे निघून गेली असती. लाइफ जॅकेटं बसायला उशी म्हणून वापरली जात होती. या लोकांवर आमचा राग आहे, आणि तुमची बोट पाहिल्यावर तो वाढलाय. कारण दोरी तीच, समुद्र तोच, कष्ट म्हणाल तर मनगट हलवण्याइतके.

2013 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, पॅडस्टोजवळ, एका वेगवान बोटीतून सहा जणांचं सगळं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावरच परत आली. वडील आणि एक मुलगी दगावली. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान वेगवान बोटी चालवताना ही दोरी किंवा तिच्याजागी तसंच काम करणारं साधन लावणं बंधनकारक झालं. हे नियम बोट चालू असतानाचे आहेत. बोट थांबल्यावरही दोरी काढून सगळ्यांना दाखवा असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

काका, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. इंजिन पूर्ण बंद करणं किती जणांना परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. बॅटरी मरायला टेकलेली असेल तर बंद केलेलं इंजिन परत चालू होईल याची खात्री नसते, म्हणून ते दिवसभर बंदच केलं जात नाही. बोट कशालाच बांधलेली नसेल तर पाण्याच्या ओढीत ती वाहून खडकावर जाऊ नये म्हणून इंजिनाच्या जोरावरच जागेवर धरावी लागते. तेव्हा दोरी दादांच्या हातात दिसली याचा अर्थ आम्हाला कळला: बॅटरी चांगली, बोट पक्क्या बोयाला, आणि वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा. आदल्या दिवशी किनाऱ्यावर, कोणी बघत नसताना तुम्ही जे केलंत त्याचा तो पुरावा होता.

बोया नव्हता त्या बेटापाशी तुम्ही वाळूचा पांढरा पट्टा सापडेपर्यंत बोट हळूहळू फिरवत राहिलात आणि नांगर वाळूतच टाकलात. प्रवाळावर पडलेला नांगर एका जागी भोक पाडून थांबत नाही. बोट वाऱ्याने फिरते तशी साखळी तळावर घासत फिरते, आणि वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारे गोलसर प्रवाळ एका दुपारी खरवडून काढते. थायलंडमधली माया बे 2018 च्या जूनमध्ये बंद करावी लागली, त्यामागे बोटी आणि गर्दी हेच होतं. 2022 च्या जानेवारीत ती उघडली तेव्हा बोटींना त्या खाडीत शिरायला बंदी होती. आता बोट बेटाच्या मागच्या बाजूच्या तरंगत्या धक्क्याला लागते आणि माणसं पायी जातात. तुमच्यासारख्यांनी आपणहून वाळू शोधली असती तर कदाचित ती वेळ आली नसती.

सगळ्यात लांबचं बेट सकाळी आधी घेतलंत, तेही उगाच नाही. उष्ण कटिबंधात ऊन तापलं की दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो आणि पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. पावसाच्या सरीही बऱ्याचदा दुपारनंतरच येतात. लांबचा, उघड्या पाण्यातला टप्पा त्याच्या आत उरकायला हवा. उथळ खाडीचं बेट तुम्ही भरतीच्या पाण्याशी जुळवलंत. दिवसातून दोन भरत्या येतात तिथे पाणी चढायला-उतरायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण ते सारखं उतरत नाही. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी निघून जातं. उधाणाच्या दिवसांत ही गोष्ट ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांची बोट खाडीत चिखलावर बसते आणि पाच-सहा तास तिथेच राहते.

आता शिडी. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्यात उतरण्यापेक्षा वर येणं अवघड जातं, आणि ती दोरी खरी उपयोगी पडली ती तिथे. वर यायच्या वेळी माणूस दमलेला असतो, हाताच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या असतात, मास्कमध्ये पाणी गेलेलं असतं. लाट आली की बोटीची मागची बाजू वर उचलली जाते आणि मग दणकन खाली बसते. शिडीच्या अगदी खाली तोंड असेल तर तीच शिडी हनुवटीवर बसते. तुम्ही प्रत्येकाला तेच सांगितलंत: हात लांब करून शिडी धरा, अंग लांब ठेवा, दुसऱ्या हाताने पायातले फिन्स (पोहायचे रबरी पंख) काढून आधी मला द्या, शिडी खाली आली की पाय ठेवा, आणि बोट वर उचलली जाईल तेव्हा तिच्याबरोबर उठा. मागचा माणूस दोन-तीन मीटर लांबच थांबवलात, वरचा घसरला तर त्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून. ओढीत वाहून जाणाऱ्यांसाठी मागे दोर सोडून टोकाला बोया बांधलात.

हे सगळं शिकवायला वेळ लागतो. इंजिन चालू असतं तेव्हा तो वेळ कोणाकडेच नसतो, मग "चला, लवकर लवकर" सुरू होतं, आणि गडबडीत पाय घसरतो तो नेमका पंख्याच्या बाजूला. दोरी हातात असली की घाई संपते. जिच्या हातापायाला कंप सुटला होता ती बाईसुद्धा शिडीपाशी हवा तितका वेळ थांबू शकली, पहिली पायरी चुकली तर परत प्रयत्न करू शकली. आम्ही सगळे शिडीकडे बघत होतो, आणि कोणीही ओरडत नव्हतं. दादा, तेवढ्यासाठी सुद्धा हे पत्र लिहिलं असतं.

निघण्याआधीची तुमची मोजणीही आम्ही पाहिली. डोकी मोजण्यात चूक होते: माणसं उठतात, जागा बदलतात, शेजारच्या बोटीवर ओळखीच्यांकडे जातात. तुम्ही नावं पुकारलीत, प्रत्येकाने आपणच ओ द्यायची, दुसऱ्याने त्याच्यासाठी दिलेली चालली नाही. काकांनी वेगळं मोजलं. दोन्ही आकडे जुळले, शिडी वर आली, मागचा दोर पूर्ण ओढून घेतला गेला (तो पाण्यात राहिला तर पंख्यात गुंडाळतो), तुम्ही मोठ्याने म्हणालात "पाण्यात कोणी नाही", आणि मगच दोरी काकांच्या हातात परत गेली.

25 जानेवारी 1998 ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक डायव्हिंग बोट एका अमेरिकी जोडप्याला पाण्यात सोडून किनाऱ्याला परतली. त्यांचं सामान बोटीवरच होतं. ते दोघे परतलेच नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ते सापडले नाहीत. क्वीन्सलंडमध्ये मोजणीचे नियम त्यानंतर कडक झाले. नावं पुकारायला तुम्हाला जो वेळ लागला, तो वाया गेला असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी हे वाचावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण त्यांचेही आभार राहायला नकोत. पाठदुखी असलेल्यांना तुम्ही बोटीच्या पुढच्या टोकाकडून उठवून मागे बसवलंत. लाटांवर आपटणाऱ्या बोटीत पुढच्या बाकावरच्यांच्या मणक्याला इजा झाल्याची प्रकरणं झालेली आहेत. मुलांच्या जॅकेटचा दोन पायांमधला पट्टा स्वतः लावलात आणि खांद्याला धरून वर ओढून पाहिलंत, ते कानापर्यंत सरकत असेल तर ते मूल पाण्यात जॅकेटखालून निसटतं. मळमळीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायला सांगितलीत, सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. सनस्क्रीनपेक्षा अंगभर बाह्यांचे कपडे घाला म्हणालात. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून बंद केली, कारण ती प्रवाळाला घातक ठरू शकते. आणि पाण्यात असताना तुमची नजर सतत फिरत होती, विशेषतः जे शांत होते त्यांच्यावर. बुडणारा माणूस सहसा हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्यात, पाय हलत नाहीत, एवढंच दिसतं. स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून पोहणाऱ्या वयस्कांच्या बाबतीत तर हे फारच गुपचूप घडतं.

पोहता न येणारा माणूस बोटीवर आपण होऊन काही विचारत नाही. त्याला लाज वाटते. इंजिन चालू आहे का, मला उशीर झाला तर तुम्ही थांबाल का, मी राहिलो तर कळेल का, हे प्रश्न तो पोटात घेऊन शिडी उतरतो. तुम्ही ती दोरी वर धरलीत तेव्हा या सगळ्या प्रश्नांना न विचारता उत्तर मिळालं. माणसाला विचारायची वेळच येऊ न देणं, याहून मोठा चांगुलपणा आम्हाला माहीत नाही. गोड बोलणारे गाइड पुष्कळ असतात. फोटो छान काढणारेही असतात. तुम्ही फोटो काढले नाहीत, कारण तुमच्या एका हातात दोरी होती आणि दुसरा हात शिडीवर. आम्हाला त्या फोटोंची अजिबात चुटपुट नाही.

तुमच्या मालकांना वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात दोन विनंत्या केल्या आहेत. पहिली, या फेरीत आणखी एक बेट घुसडू नका. ते घुसलं की सगळ्यात आधी नावं पुकारणं जातं आणि मग इंजिन बंद करणं जातं. दुसरी, किल स्विचची एक जादा दोरी सुकाणूच्या खणात कायम ठेवा. ऊन आणि मीठ खाऊन तिची प्लास्टिकची पकड ठिसूळ होते आणि तुटते. तुटली की बोट सोडायची तर असते, म्हणून कोणीतरी तिथे सुतळीचा तुकडा अडकवून स्विच चालू ठेवतो, आणि तो तसाच हंगामभर राहतो. खणात दुसरी दोरी असेल तर हे होणार नाही. ती घेताना तुमच्याच इंजिनाच्या कंपनीची घ्या, प्रत्येकाची पकड वेगळ्या मापाची असते. मालकांकडून आली नाही तर आम्हाला निरोप द्या, आम्ही पाठवू.

तुमचे,
त्या दिवशीचे प्रवासी