कागद असतो, शब्द अडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पूररेषेचे नकाशे, मागच्या पुरांचे अहवाल, अनुदानाचे शासन निर्णय यांची शोधाशोध सुरू होते. शोधाच्या चौकटीत शब्द टाकायचा, ‘काहीही आढळले नाही’ असे आले की कागदच नाही असे समजून उठायचे, हे सर्रास दिसते. पुष्कळदा कागद तिथेच असतो. अडतो तो शब्द, आणि मराठीत तो का अडतो हे एका ओळीवरून कळेल.

पंचगंगेची धोका पातळी शोधायची म्हणून आपण ‘राजाराम बंधारा ४३ फूट’ असे टाइप करतो. अहवालात वाक्य असते, ‘राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांवर’. ‘बंधारा’चे ‘बंधाऱ्या’ झाले, ‘फूट’चा दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला. साधा शोध नुसती अक्षरे जुळवतो, त्याला सामान्यरूप कळत नाही. शिवाय ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्याला सारखाच दिसतो, पण आतले संकेत वेगळे. आकडाही एका कागदावर देवनागरीत, दुसऱ्यावर इंग्रजीत.

म्हणून उघडलेल्या फाइलमध्ये कंट्रोल-एफ दाबून शोधताना शब्दाचा न बदलणारा भागच टाका: ‘बंधारा’ नको, ‘बंधा’, ‘कोल्हापूर’ नको, ‘कोल्हाप’, म्हणजे ‘कोल्हापुरातील’ही सापडेल, ‘पूररेषा’ नको, ‘पूररेष’. आकडा दोन्ही लिप्यांत टाकून पाहा. महाजालावर मात्र अर्धा शब्द चालत नाही. तिथे दोन्ही रूपे पूर्ण लिहून मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ घाला. एकाच कार्यालयाचे कागद हवे असतील तर इंग्रजीत ‘साइट’, त्याला लागून कोलन आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहा. नेमका शब्दसमूह हवा तरच अवतरणचिन्हे वापरा. त्यात एक मात्रा चुकली तरी हाती शून्य येते.

एवढे करूनही काही सापडले नाही तर फाइल तपासा. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वच्छ मराठी उमटली तर फाइल ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर ती कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत, रूपांतरित केल्याशिवाय शोध लागणार नाही. कधी मराठी उमटते, पण मोडकी: वेलांटी एका बाजूला, उकार पुढच्या अक्षरावर. अशा वेळी जोडाक्षर, वेलांटी आणि उकार नसलेला शब्द शोधायला घ्या. ओळ निवडताच येत नसेल तर तो नुसता फोटो आहे. त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे साधन, चालवावे लागते. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचते, पण भाषा मराठी निवडायला हवी आणि स्कॅन ३०० डीपीआयचे, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांचे, हवे. फिकट झेरॉक्सवर ते ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ समजते, अनुस्वार गिळते. मोडी लिपीतल्या जुन्या दप्तराला हा उपाय लागू नाही. तिथे सूची आणि मोडी जाणणारा माणूसच हवा.

शब्द निवडताना आपला बोलीतला शब्द बाजूला ठेवून कार्यालयाचा शब्द घ्यावा. ‘पुराची मदत’ शासन निर्णयाच्या शीर्षकात क्वचितच असते. तिथे ‘सानुग्रह अनुदान’, ‘निविष्टा (म्हणजे बियाणे, खते वगैरे) अनुदान’, ‘शेतीपिकांचे नुकसान’ असते. कित्येक ठिकाणी शोध फक्त शीर्षकातच चालतो, म्हणून दोनच शब्दांनी सुरुवात करा. जुन्या निर्णयाची छापील प्रत हाती असेल तर शेवटच्या परिच्छेदातला लांबलचक सांकेतांक टाका. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. त्यावरून तारखेचा अंदाजही येतो.

नावे बदलतात हेही विसरू नये. संस्थानकाळातला कोल्हापूरचा कागद ‘करवीर’ या नावाखाली असतो, जुन्या इंग्रजीत स्पेलिंग ‘कोलापोर’ असते. राधानगरी धरण ‘लक्ष्मी तलाव’ म्हणूनही नोंदलेले आढळते. इचलकरंजीची महानगरपालिका २०२२ मध्ये झाली. त्याआधीचे ठराव ‘नगरपरिषद’ म्हणून शोधावेत.

आता कार्यालयांना कळकळीची विनंती. संगणकावर टाइप केलेला आदेश छापायचा, सही-शिक्का करायचा, तिरका स्कॅन करून फोटो चढवायचा, या रिवाजाने शोधता येण्याजोगा कागद आपणच मुका करतो. सहीची प्रत जरूर ठेवा, पण सोबत युनिकोडमधली मूळ फाइलही चढवा. फाइलला ‘स्कॅन १’ असे नाव न देता विषय, गाव आणि तारीख द्या. चढवण्याआधी नोटपॅडची वरची चाचणी करा, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. आपल्या ई-पेपरच्या जुन्या अंकांनाही हीच चाचणी लावावी, ही आपल्यालाही विनंती.

आपला,
एक ग्रंथपाल, शाहूपुरी, कोल्हापूर