विद्यार्थ्यांचे वाचन शेवटच्या सत्रात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृष्णाकाठी औदुंबरला १९३९ पासून दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला ९९ वे अखिल भारतीय संमेलनही होऊन गेले. एवढी परंपरा भोवती असल्यामुळे सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तालुका, शाळा आणि वाचनालय पातळीवर छोटी संमेलने पुष्कळ होतात. त्यांच्या पत्रिकेत 'विद्यार्थ्यांचे साहित्यवाचन' असतेच, फक्त ते बहुधा शेवटी असते. निमंत्रितांचे वाचन लांबते, पाहुणे जेवायला उठतात, मंडपवाला खुर्च्या गोळा करू लागतो आणि मग नववीतली मुलगी माईकसमोर उभी राहते. याला व्यासपीठ देणे म्हणत नाहीत.

माझी सूचना एवढीच, की वेगळे सत्र रद्द करून विद्यार्थी आणि नामवंत लेखक एकाच सत्रात, आलटूनपालटून वाचावेत. हिशेब सोपा आहे. तीन लेखकांना प्रत्येकी १२ मिनिटे, म्हणजे ३६. सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५, म्हणजे ३०. नऊ जणांच्या निवेदनाला एकेक मिनिट आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाचनानंतर गप्पांना दोन मिनिटे. प्रास्ताविक व आभार दहा मिनिटांत उरकले, तर सगळे पावणेदोन तासांत बसते. शाल-श्रीफळाला मात्र त्यात जागा नाही. दहा जणांचा सत्कार दोन मिनिटांच्या दराने केला तरी चार विद्यार्थ्यांचे वाचन त्यात जाते. नारळ नंतर चहाच्या वेळी द्यावेत, कोणी नाराज होत नाही.

क्रम लावताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिला मान विद्यार्थ्याला देऊ नये, कारण पहिली दहा मिनिटे लोक जागा शोधत असतात. सुरुवात एका लेखकाने करावी, मग दोन विद्यार्थी, मग पुन्हा लेखक. आणि चालीवर कविता म्हणणाऱ्या कवीनंतर लगेच गद्य वाचणारा विद्यार्थी ठेवू नये. टाळ्यांच्या त्या लाटेत कथेची पहिली चार वाक्ये वाहून जातात.

वेळ मिनिटांत सांगून भागत नाही, शब्दांत सांगावी लागते. सावकाश, ऐकू येईल असे मराठी गद्य मिनिटाला साधारण ११० शब्द वाचले जाते. म्हणजे पाच मिनिटांना ५५० शब्द, खरे तर ५०० च मागावेत. घाबरलेले मूल दीडपट वेगाने वाचते. घरी सात मिनिटे लागलेली कथा मंचावर साडेचार मिनिटांत संपते आणि श्रोत्यांना काही कळत नाही. यावर उपाय तालमीचाच. आदल्या आठवड्यात दोनदा, घड्याळ लावून, आणि एकदा तरी खऱ्या माईकवर.

मजकूर मोबाईलवरून वाचू देऊ नये. मध्येच पडदा काळा होतो किंवा फोन येतो. १६ पॉइंट टाइप, ओळींत मोकळी जागा, कागदाची एकच बाजू, वर ठळक पृष्ठक्रमांक. पिन मारू नये, कारण पान उलटतानाचा आवाज माईक पकडतो. सुटे पान बाजूला सरकवता येते. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता कामा नये. आणि परीक्षेचे पॅड हातात द्यावे. मंचावरचा पंखा सुटी पाने उडवतो हे सगळ्यांना माहीत असते, पण पॅड आणायचे कोणालाच सुचत नाही.

माईकचा स्टँड मोठ्या माणसाच्या उंचीला लावलेला असतो. सातवीचा मुलगा टाचा उंचावून वाचतो, किंवा संयोजक धावत येऊन स्क्रू फिरवतात आणि कर्कश शिट्टी वाजते. दोन स्टँड ठेवावेत, एक खाली. तोंडापासून चार ते सहा बोटे अंतर, किंचित तिरका. समोर धरला की 'प' आणि 'भ' फुटतात. मंगल कार्यालयापेक्षा वाचनालयाची खोली बरी, तिथे आवाज घुमत नाही.

निवडीत खरी गोम आहे. शिक्षक मजकूर 'सुधारून' देतात आणि सगळ्या कविता आई, शेतकरी व पाऊस यांच्यावरच येतात. शुद्धलेखन जरूर तपासावे, बोली तपासू नये. माणदेशी बोलणे साहित्यात मानाने आणणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या आटपाडी तालुक्यात तरी 'हे प्रमाण मराठीत कर' असे कोणी मुलांना सांगू नये. जतच्या मुलाच्या लिखाणात कानडी शब्द आला तर तो तसाच राहू द्यावा.

लेखकांनाही पत्रात स्पष्ट लिहावे. सत्र संपेपर्यंत बसायचे. मार्गदर्शनपर भाषण करायचे नाही. विद्यार्थ्याने वाचल्यावर एकच खरा प्रश्न विचारायचा: शेवट आधी वेगळा होता का, हा शब्द घरी कोण वापरतं? चारचौघांत चूक काढायची नाही, ती नंतर पेन्सिलने कागदावर दाखवावी. जमल्यास लेखकाने आपले नवे, अजून हात फिरायचा राहिलेले काही वाचावे. लेखकही खाडाखोड करतो, हे मुलांना त्यातून दिसते. परिचय दोघांचेही दोन-दोन ओळींचेच. लेखकाचा आख्खा बायोडाटा आणि मुलीची फक्त इयत्ता, हे ऐकायला बरे वाटत नाही.

लेखकाला मानधन आणि प्रवासखर्च मिळतो, मुलांना प्रमाणपत्र. निदान विद्यार्थी व सोबतचा एक माणूस यांचे एसटीचे भाडे द्यावे. वेळ सकाळी ११ ची ठेवावी. संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे शिराळा किंवा जतकडच्या मुली आपोआप वगळल्या जातात. दहावी-बारावीची मुले हवी असतील तर दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतची तारीख धरावी.

राहता राहिला वन्समोअर. तो आला तरी ठरलेली मिनिटे झाली की पुढचे नाव पुकारावे. लेखकालाही हाच नियम.

— एक वाचक, पलूस (जि. सांगली)